कुबड्यांवरचा माणूस आणि त्याला बघणारे

२००७ साली आरजेडीटू या अमेरिकन संगीतकाराच्या 'वर्क इट आउट' गाण्याचा व्हिडिओ आला. त्यात एक माणूस दोन कुबड्या घेऊन शहराच्या रस्त्यांवरून जातो. जातो म्हणजे चालत नाही. कुबड्यांवर अंग झोकून घसरतो, गिरकी घेतो, पाय हवेत तरंगत ठेवतो आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात पुढे सरकतो.

हा व्हिडिओ तुम्ही पाहिला असण्याची बरीच शक्यता आहे, पण कदाचित गाण्याच्या नावाने नाही. मला तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला होता. वीसेक सेकंदांचा तुकडा, मागे भलतंच संगीत आणि वर 'इच्छा असेल तर मार्ग दिसेल' छापाचं वाक्य. नाचणाऱ्याचं नाव नाही, गाण्याचं नाही, साल नाही. खाली हात जोडलेले इमोजी.

त्या माणसाचं नाव बिल शॅनन. रस्त्यावरच्या नाचाच्या जगात तो 'क्रचमास्टर' म्हणून ओळखला जातो. नाव शोधून काढल्यावर मी त्याची जुनी कामं, मुलाखती, भाषणं बघत गेलो आणि एक गंमत लक्षात आली. ज्या नजरेने आमच्या ग्रुपने तो व्हिडिओ पाहिला, तीच नजर या माणसाच्या कामाचा मुख्य विषय आहे. आयुष्याची तीसेक वर्षं त्याने ती तपासण्यात घालवली आहेत. त्यामुळे त्याच्या कारकिर्दीचा इतिहास सांगायचा, तर नाचणाऱ्याइतकंच बघणाऱ्यांबद्दलही बोलावं लागतं.

खुब्यातलं हाड

शॅननचा जन्म १९७० सालचा, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचा. वाढला मात्र पिट्सबर्गमध्ये. पाचेक वर्षांचा असताना त्याला लेग-काल्व्हे-पर्थेस हा आजार असल्याचं निदान झालं. हे लांबलचक नाव तीन डॉक्टरांचं आहे. बोस्टनचे आर्थर लेग, फ्रान्सचे जाक काल्व्हे आणि जर्मनीचे गेऑर्ग पर्थेस यांनी १९१० साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं.

मांडीचं हाड वर जिथे खुब्याच्या खोबणीत बसतं, तिथे त्याचं टोक चेंडूसारखं गोल असतं. या आजारात त्या चेंडूचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो. हाड मरतं, ठिसूळ होऊन दबतं. पुढे रक्त परत येतं आणि हाड नव्याने तयारही होतं, पण ते पुन्हा गोल होईलच असं नाही. चेंडू चपटा झाला की खोबणीत घासतो, आणि मग दुखणं, लंगडणं आणि वयाबरोबर वाढत जाणारी झीज. हाड भरून येईपर्यंत चेंडू खोबणीतच राहावा म्हणून त्या काळी मुलांचे पाय ब्रेसमध्ये अडकवून ठेवत. सांध्यावर भार नको म्हणून कुबड्या. शॅननच्या वाट्याला हे सगळं आलं.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शॅननला उभं राहता येतं. चार पावलं बिनकुबड्यांची टाकता येतात. फक्त प्रत्येक पावलाची किंमत सांध्याला चुकवावी लागते. लहानपणीच्या कुबड्या मधल्या काळात सुटल्या होत्या. तरुणपणी दुखणं परतलं आणि कुबड्याही परतल्या. आपल्या डोक्यात मात्र दोनच खाने असतात, चालता येणारा आणि चालता न येणारा. कुबड्यावाला माणूस क्षणभर कुबड्या बाजूला ठेवून उभा राहिला, की बघणाऱ्याला वाटतं की हा सोंग करतोय. शॅनन आयुष्यभर या दोन खान्यांच्या मधल्या जागेत राहिला आहे.

वर्तुळात शिरायचं तर

आता नाचाकडे. हिपहॉपची जन्मकथा सांगताना ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड्स लावल्या. गाण्यात जिथे नुसते ड्रम वाजतात तो 'ब्रेक' तो लांबवायचा आणि त्या तुकड्यावर पोरं नाचायची. त्यावरूनच त्यांना ब्रेकर्स, बी-बॉइज म्हणू लागले.

दहा वर्षांत हा नाच सिनेमात पोचला. १९८३ च्या 'फ्लॅशडान्स'मध्ये रॉक स्टेडी क्रूची पोरं रस्त्यावर नाचताना दिसतात. दृश्य जेमतेम मिनिटभराचं, पण त्या मिनिटाने ब्रेकिंग अमेरिकेभर आणि अमेरिकेबाहेर नेलं. त्या सिनेमाची गोष्ट घडते पिट्सबर्गमध्ये. त्याच शहरात तेव्हा तेरा वर्षांचा शॅनन स्केटबोर्ड आणि ब्रेकिंग यांच्या नादात वाढत होता.

रस्त्यावरच्या नाचाला कुबड्यावाला मुलगा कसा चालला, हा प्रश्न पडू शकतो. मला वाटतं, चालला याचं कारण या नाचाच्या नियमांत आहे. शास्त्रीय बॅलेमध्ये आदर्श शरीर आधी ठरलेलं असतं आणि नाचणाऱ्याने त्याच्या जवळ जायचं असतं. ब्रेकिंगच्या वर्तुळाला 'सायफर' म्हणतात. तिथे उलटा हिशोब असतो. वर्तुळात शिरायचं तर दुसऱ्याकडे नाही असं काहीतरी घेऊन यावं लागतं. दुसऱ्याची स्टेप जशीच्या तशी उचलणं हा सगळ्यात मोठा गुन्हा, त्याला 'बाइट' करणं म्हणतात. अशा जागी वेगळं शरीर ही अडचण असतेच, पण ते भांडवलही असू शकतं.

अर्थात, शॅनन काही पहिला नव्हता. क्लेटन 'पेग लेग' बेट्स हा कृष्णवर्णीय टॅप डान्सर १९०७ साली साउथ कॅरोलायनात जन्मला. बारा वर्षांचा असताना कापसाच्या जिनिंगमध्ये त्याचा पाय गेला. त्याने लाकडी पायावर टॅप उभा केला. एका पायाच्या बुटाचा धातूचा खणखणाट आणि दुसऱ्या पायाचा खोल ठोका असे दोन वेगळे आवाज त्याच्याकडे होते, जे दोन पायांच्या डान्सरकडे नव्हते. सुटाच्या रंगाला जुळणारे लाकडी पाय त्याने करून घेतले होते. टीव्हीवरच्या एड सलिव्हन शोमध्ये तो वीसहून अधिक वेळा झळकला. १९५१ साली न्यूयॉर्कजवळच्या कॅटस्किल डोंगरांत त्याने स्वतःचं रिसॉर्ट काढलं. गोऱ्यांची रिसॉर्ट्स कृष्णवर्णीयांना दारातून परत पाठवायची, तो हा काळ.

आणि १९८४ च्या 'ब्रेकिन' या सिनेमात कुबड्यांवर नाचणारा एक तरुण काही क्षण दिसतो. काही क्षणच. तेवढीच जागा होती. एक नवलाचा आयटम, टाळ्या, पुढचा सीन. हा नवलाचा आयटम होण्यातून सुटायचं कसं, हा शॅननपुढचा प्रश्न होता.

घसरू नये म्हणून बनवलेली वस्तू

शॅनन शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत शिकला. १९९५ साली पदवी घेतली आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कला गेला. तिथल्या क्लबांमध्ये, रस्त्यांवर तो नाचत राहिला. स्टेप फेन्झ या क्रूचा भाग झाला. म्हणजे एकीकडे गॅलरी आणि संकल्पनांचं जग, दुसरीकडे घामाने निथळणारं क्लबातलं वर्तुळ. दोन्हीकडच्या लोकांना तो थोडा परका वाटत असणार.

याच काळात त्याची स्वतःची पद्धत घडली. तिला आज 'शॅनन टेक्निक' म्हणतात. इंजिनिअरिंग शिकल्यामुळे असेल, पण मला तिच्यातलं यंत्रशास्त्र सगळ्यात आधी खुणावतं.

दवाखान्यातून मिळणारी कुबडी नीट पाहा. तिच्या टोकाला रबराचं बूच असतं. ते बूच जमिनीला घट्ट धरून ठेवतं, कारण ती वस्तू घसरू नये म्हणूनच बनवलेली असते. आजारी माणूस, ओली फरशी, पडण्याची भीती असं सगळं गृहीत धरून तिचा आकार ठरलेला आहे. शॅननने नाचासाठी वापरलेल्या कुबड्यांची टोकं गोलाकार, झोपाळ्याच्या खुर्चीच्या बुडासारखी. अशी कुबडी जमिनीवर टेकली की एका जागी रुतत नाही, गोलाईवरून पुढे लोळते. टेकण्याचा बिंदू सरकत राहतो आणि त्याबरोबर शरीरही.

आता शरीराचा भार कुठे जातो ते बघू. कुबडी काखेत असली तरी वजन काखेवर टाकायचं नसतं. तिथून जाणाऱ्या नसा दबून हात लुळा पडू शकतो. वजन तळहातावर, मनगटावर, खांद्यावर घ्यायचं. दोन कुबड्यांच्या मधे शरीर लंबकासारखं झुलतं. चालणाऱ्या माणसाला पावलामागून पाऊल टाकावंच लागतं. इथे पाय मोकळे असतात. ते जमिनीला स्पर्श करू शकतात, न करता हवेत राहू शकतात, स्पर्श केल्याचं नुसतं नाटकही करू शकतात. स्केटबोर्डिंगमधल्या चाली, हाउस डान्समधलं पावलांचं जलद काम आणि ब्रेकिंगमधल्या गिरक्या असं सगळं त्याने या लंबकावर बसवलं. पुढे त्याने एका रंगमंचीय कामाला वजनरहिततेची कला अशा अर्थाचं नाव दिलं. ते नाव नेमकं आहे. खुब्यावर भार न टाकणं हा डॉक्टरांचा सल्ला होता, त्याने त्याची शैली केली.

हे सगळं लिहायचं कारण असं, की 'जिद्द' हा शब्द ही सगळी कारागिरी गिळून टाकतो. एखाद्या तबलजीचं वादन ऐकून आपण 'काय जिद्द आहे हो' म्हणत नाही. त्याचा हात, त्याची लय याबद्दल बोलतो. अपंग कलाकाराच्या बाबतीत मात्र आपलं कौतुक जिद्दीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

रस्त्यावरचे प्रयोग

शॅननचं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम रंगमंचावरचं नाही. 'रिगार्डिंग द फॉल' या नावाने त्याने रस्त्यावर प्रयोग केले. तो गर्दीच्या जागी जायचा आणि अगदी साधं काहीतरी करायचा. जमिनीवर पडलेली वस्तू उचलायची, जिना उतरायचा. फक्त ते तो त्याच्या पद्धतीने करायचा, म्हणजे कुबड्यांवर तोल टाकत, तिरका होत, पडतो की काय असं वाटायला लावत. आजूबाजूच्यांना हा प्रयोग आहे हे माहीत नसायचं. कॅमेरा दुरून चित्रण करत असायचा.

या चित्रणात बघण्यासारखं असतं ते येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वागणं. एक जण चालता चालता थबकतो. दुसरा बघून न बघितल्यासारखं करतो, पण त्याची चाल बदललेली असते. तिसरी हात पुढे करून अर्ध्यात थांबते, मदत मागितली तर नाहीये, करावी की नको. कुणी सरळ येऊन दंड धरतो, आणि तेव्हाच खरा तोल जाण्याची भीती असते, कारण लंबकाला मधेच धरलं तर काय होतं हे आपण अकरावीत शिकलोय. मग शॅनन ती वस्तू उचलतो आणि एखादी सफाईदार गिरकी घेऊन निघून जातो. मागे राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर गोंधळ असतो. आपण मदत केली, की फसलो?

शॅननने या प्रतिक्रियांना नावं दिली. लोकांच्या सहानुभूतीला वजन असतं आणि ते ज्याच्याकडे बघितलं जातं त्याला वाहावं लागतं, ही त्यातली एक कल्पना. बघणारा माणूस एका नजरेत अख्खी गोष्ट रचतो, म्हणजे अपघात झाला असेल, बिचारा एकटा असेल, किती धीराचा असेल, आणि ती समोरच्यावर पडद्यासारखी टाकतो, ही दुसरी. हिपहॉपमधली जागा, वर्तुळ आणि नजर यांच्यावर त्याने व्याख्यान आणि नाच यांची सरमिसळ असलेले कार्यक्रम केले. त्यात तो ही चित्रणं दाखवून एकेक हालचाल उलगडून सांगतो. क्रिकेटचा समालोचक रिप्ले थांबवून फलंदाजाचा मागचा पाय दाखवतो, तसं.

पुढे 'ट्रॅफिक' नावाच्या कामात त्याने प्रेक्षकांनाच बसमध्ये बसवलं. बस शहरातून फिरते. शॅनन बाहेर रस्त्यावर, फुटपाथवर, कुबड्या आणि स्केटबोर्ड घेऊन. बसमधल्यांनी तिकीट काढलेलं आहे, त्यांना माहीत आहे की हा कलाकार आहे. फुटपाथवरच्यांना माहीत नाही. त्यामुळे बसमधले लोक शॅननकडे बघतात, फुटपाथवरचे शॅननकडे बघतात आणि थोड्या वेळाने बसमधल्यांच्या लक्षात येतं की आपण खरं तर फुटपाथवरच्यांकडे बघतोय. बस नसती तर आपणही तिथेच असतो.

यात एक नैतिक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. रस्त्यावरच्या माणसाला न सांगता त्याला प्रयोगात ओढणं, त्याच्या चांगुलपणाचं चित्रण करून दुसऱ्यांना दाखवणं योग्य आहे का? मदतीला धावलेल्याने नक्की काय चुकीचं केलं? मला वाटतं, शॅननचं काम त्या माणसाला गुन्हेगार ठरवत नाही. ज्याला रोज, प्रत्येक रस्त्यावर, त्याच्या परवानगीशिवाय बघितलं जातं, त्याने एकदा कॅमेऱ्याचं तोंड उलटं फिरवलं, एवढंच. पण 'एवढंच' म्हटल्याने अस्वस्थता जात नाही. ती गेलीच पाहिजे असंही नाही.

हे सगळं मला जवळचं वाटतं त्याचं एक साधं कारण आहे. माझ्या टीममध्ये कॅलिपर आणि काठी वापरणारा एक सहकारी आहे. चहाला निघालो की कुणीतरी त्याला म्हणतंच, 'तू बस रे, मी आणतो.' त्याचं म्हणणं असं की, दिवसभरात कोड लिहिण्यापेक्षा जास्त कष्ट त्याला नम्रपणे नकार देण्यात पडतात. कुणाचं मन न दुखावता 'नको' म्हणणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते त्याच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नाही. सहानुभूतीचं वजन म्हणजे काय, हे मला शॅननच्या व्याख्यानाने सांगितलं. ते किती किलोचं असतं, हे याने.

दुसऱ्याच्या अंगावर

२००२ साली सर्क द्यू सोलेल या प्रसिद्ध सर्कस कंपनीचं 'व्हारेकाय' हे प्रॉडक्शन माँट्रियलमध्ये सुरू झालं. त्यात कुबड्यांवरचा एक एकल नाच आहे, लंगड्या देवदूताचा. तो शॅननने बसवून दिला. स्वतः नाचला नाही, नृत्यदिग्दर्शक म्हणून काम केलं. त्याच्या कारकिर्दीत हे वळण मोठं आहे. नवलाचा आयटम दुसऱ्याला शिकवता येत नाही, तो त्या माणसाबरोबर येतो आणि जातो. तंत्र मात्र शिकवता येतं. ज्या दिवशी शॅननच्या चाली दुसऱ्याच्या शरीरावर बसल्या, त्या दिवशी ते तंत्र आहे हे सिद्ध झालं.

काही काळाने ही भूमिका डर्गिन टोकमाक या जर्मन डान्सरकडे आली. टोकमाक तुर्की वंशाचा, आउग्सबुर्गचा. लहानपणी पोलिओ झालेला आणि कुबड्यांवरच ब्रेकिंग शिकलेला. हजारो प्रेक्षकांपुढे, वर्षानुवर्षं, तो त्या देवदूताची भूमिका करत राहिला. एका अपंग माणसाने रचलेलं नृत्य दुसऱ्या अपंग माणसाने आपल्या वेगळ्या शरीराने नाचणं, याला परंपरा म्हणतात. आपल्याकडे गुरू-शिष्य म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं तसं हे नव्हतं, तरीही.

२००७ साली माँट्रियलमध्येच लुका 'लेझीलेग्झ' पटुएली या डान्सरने 'इल-ॲबिलिटीज' हा क्रू सुरू केला. त्यात वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या प्रकारे अपंग असलेले ब्रेकर्स आहेत. १९८४ च्या सिनेमात काही क्षणांची जागा होती, इथे अख्खा क्रू आहे. या रांगेत शॅनन एकटा नाही, पण त्याने बरीच वाट मोकळी केली हे मान्य करावं लागतं.

वीस सेकंदांचा सापळा

आणि मग तो २००७ चा व्हिडिओ. पाठोपाठ व्हिसा कार्डाच्या जाहिरातीतही तो शहरातून नाचत गेला. गॅलरीत आणि महोत्सवांत त्याचं काम जितक्या लोकांनी पाहिलं असेल, त्याच्या कैक पट लोकांनी त्याला या दोन ठिकाणी पाहिलं. सिडनी ऑपेरा हाउस आणि टेट लिव्हरपूलसारख्या ठिकाणी त्याचं काम झालं आहे, त्याला गुगनहाइम फेलोशिप मिळाली आहे. पण फॉरवर्ड होणाऱ्या तुकड्यात यातलं काहीच मावत नाही. तिथे उरतात कुबड्या आणि आपली ओलावलेली नजर.

ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि विनोदकार स्टेला यंग यांनी २०१४ मध्ये सिडनीतल्या एका भाषणात या प्रकारावर नेमकं बोट ठेवलं होतं. त्या स्वतः व्हीलचेअर वापरायच्या. त्यांचा मुद्दा असा की, अपंग माणसाच्या साध्या जगण्याचे फोटो इतरांना प्रेरणा देण्यासाठी वापरले जातात, म्हणजे 'माझं आयुष्य वाईट आहे, पण निदान मी तो नाही' असं बघणाऱ्याला वाटावं म्हणून. आपण रील्सवर रोज हेच खातो. पंधरा सेकंदांत प्रेरणा मिळते, अंगठा वर जातो, पुढचं रील.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे आणखी एक गोष्ट दिसते. आमच्या कामात 'एज केस' हा शब्द आहे. म्हणजे क्वचित येणारी, कडेची परिस्थिती. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस, माउस न वापरता येणारा माणूस हे बैठकीत हमखास एज केस ठरतात आणि त्यांचं काम पुढच्या स्प्रिंटवर जातं. मग त्याच्या पुढच्या. ज्याची बैठकीत 'पुढे बघू' म्हणून बोळवण होते, त्याचाच व्हिडिओ संध्याकाळी आपण 'सलाम' लिहून शेअर करतो. प्रेरणा फुकट असते आणि रॅम्पला सिमेंट लागतं, असा हा सोयीचा हिशोब आहे.

अमेरिकेत रॅम्पची लढाई रस्त्यावर लढली गेली. १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमध्ये अपंग कार्यकर्त्यांनी व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदेच्या पायऱ्या रांगत चढल्या. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. आपल्याकडे १९९५ साली पहिला कायदा आला. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाच्या मान्य प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली. कायदा पायऱ्यांशेजारी उतार बांधायला लावू शकतो. उतारावरून येणाऱ्याकडे कसं बघायचं, हे कलम त्यात नसतं. शॅननचं काम त्या न लिहिलेल्या कलमाबद्दल आहे.

चेहऱ्यावरचा पडदा

गेल्या काही वर्षांत शॅनन व्हिडिओ आणि यंत्रांकडे जास्त वळला. नाचणाऱ्यांनी अंगावर चढवायचे व्हिडिओचे मुखवटे त्याने तयार केले. 'टच अपडेट' या कामात नर्तकांच्या डोक्यावर हे मुखवटे असतात आणि त्यांवर चेहऱ्यांची हलती चित्रं उमटतात. माणूस समोर उभा आहे, पण त्याचा चेहरा मात्र रेकॉर्डिंग आहे. नाचणारा शॅनन सोडून हा गॅजेटवाला शॅनन कुठून आला, असं वाटू शकतं. पण धागा तोच आहे. रस्त्यावर लोक त्याच्यावर आपापली गोष्ट टाकत होते, इथे त्याने तो पडदा उचलून खरोखरच चेहऱ्यावर बांधला. आणि फोनच्या काळात तो पडदा आता फक्त अपंगांच्या वाट्याला उरलेला नाही. आपण सगळेच एकमेकांचे चेहरे रेकॉर्डिंगमधून बघतो.

२०२० मध्ये त्याच्यावरचा 'क्रच' हा माहितीपट आला. साची कनिंगहॅम आणि चँडलर इव्हान्स यांनी तो केला. मागे सुमारे दोन दशकांचं चित्रण होतं. लहानपणीच्या ब्रेसपासून मोठेपणीच्या मंचांपर्यंतचा माणूस एकत्र दिसतो तो तिथे. वीस सेकंदांच्या तुकड्यावर तोच एक उतारा आहे, वेळ देणं.

शेवटी आपल्या भाषेबद्दल एक. मराठीत 'कुबडी' हा शब्द राजकारणाच्या बातम्यांत जितका भेटतो तितका दवाखान्यात भेटत नसेल. अमक्याच्या कुबड्यांवर टिकलेलं सरकार, कुबड्या काढून घेतल्या, कुबड्यांची गरज नाही. कुबडी म्हणजे लाचारी, हे आपण इतकं धरून चाललो आहोत की त्यात कुणाचा अपमान होतोय असं वाटतही नाही. आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ बैराग्याची कुबडी. सज्जनगडावर समर्थ रामदासांची कुबडी जपून ठेवली आहे. लोक लांबून ती बघायला जातात आणि तिच्याकडे बघून कुणाच्या मनात 'बिचारे' येत नाही. हात टेकायला केलेलं एक साधन, तेवढंच. शब्द एकच आहे. तो कोणाच्या हातात आहे, यावरून आपण त्याचा अर्थ ठरवतो, आणि हे काम इतक्या पटकन करतो की आपल्याला कळतही नाही.

शॅननने पन्नाशी ओलांडली आहे. खुब्याचं हाड कुणासाठी थांबत नाही, त्याच्यासाठीही थांबलेलं नाही. पण त्याची गोल टोकाची कुबडी, त्याच्या चाली आणि बघणाऱ्यांबद्दल त्याने घडवलेले शब्द आता इतरांनाही वापरता येतात. 'वर्क इट आउट'चा पूर्ण व्हिडिओ एकदा शोधून बघा, तुकडा नको. आधी त्याचे पाय बघा, मग कुबडीचं टोक कुठे टेकतं ते बघा. आणि तिसऱ्यांदा बघताना तो बाजूलाच राहू द्या, आजूबाजूने जाणारी माणसं बघा.